दगडाबाईच्या गोठ्यातली शाळा

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच खोली दिसते. काळ्या दगडाच्या, मातीनं लिंपलेल्या भिंती, वर माळवद, पुढं बुटकी पडवी. दाराच्या एका बाजूला गेरूनं काढलेला गणपती, दुसऱ्या बाजूला 'शाळा' अशी अक्षरं; त्यातल्या शेवटच्या अक्षराचा काना पावसानं धुऊन नेलेला. मागं पुरुषभर उंचीचा ऊस सळसळतोय. डाव्या विंगेत, म्हणजे शेजारच्या घराच्या माळवदावर, एक पन्नाशीची बाई शिजवलेली हळद उन्हात पसरतेय. हात हळदीवर, डोळे शाळेच्या दारावर. साल एकोणीसशे चव्वेचाळीस. गाव कृष्णाकाठचं कासारमाळ, सातारा जिल्हा. बाईचं नाव दगडाबाई.

सकाळी भाकरीच्या आधी ती संशय खायची. दूध आलं की पाणी किती, जावई आला की काय मागायला, असं तिचं चाले. आभाळ भरून आलं तरी म्हणायची, "ह्ये पडायचं न्हाई. नुसतं बघून चाललंय." गावातली टवाळ पोरं म्हणत, देवानं प्रसाद दिला तरी दगडाबाई आधी वास घेऊन बघंल.

शाळेची ती खोली मात्र तिच्याच घरची. तिचा नवरा नाथाजी पहिल्या लढाईत बसऱ्याला गेला होता. परतला तो शिपायाचा नाईक होऊन. पुढची फीत हुकली, कारण अक्षराची ओळख नव्हती. घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं, "बैल काय, चिंचेखाली बी बांधता येत्यात. पोरं न्हाई बांधता येत." आणि गोठ्यातली दावण उपटली, जमीन सारवली, लोकल बोर्डाच्या साहेबाला जाऊन म्हणाला, खोली आमची, मास्तर तुमचा. तेव्हापासून बैल चिंचेखाली आणि पोरं गोठ्यात. दावणीच्या जागी फळा आला, गव्हाणीत पाट्या राहू लागल्या. शाळेच्या पोराला वासावरून ओळखावं अशी पहिली काही वर्षं गेली. पंचक्रोशीत 'गोठ्याची शाळा' हेच नाव पडलं. मास्तर येत, वर्ष-दोन वर्षं काढत, बदली मागत. एकाला तर गोठ्यात शिकवतो म्हणून पोरगी मिळेना. नाथाजी वारला, शाळा राहिली.

वैरणीचा माळा तेवढा दगडाबाईनं सोडला नव्हता. खोलीच्या आतून शिडी, वर फळीचं दार, त्या दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली तिच्या कमरेला. मागच्या भिंतीत वैरण ढकलायची खिडकी होती. ती थेट उसात उघडायची.

बेचाळीसच्या पावसाळ्यात तिचा एकुलता एक आकाराम रानातल्या पोरांत सामील झाला. सरकारविरुद्ध उठलेल्या भूमिगतांना गाव 'रानातली पोरं' म्हणे. फौजदार दोनदा घर उलथंपालथं करून गेला. कणगीतले दाणेसुद्धा अंगणात ओतले. असलेला मास्तर त्या धामधुमीत घाबरून गेला आणि शाळा वर्षभर बंद पडली. ते आकारामच्या पथ्यावर पडलं. पोलीस रात्री घरं धुंडाळत, म्हणून तो दिवसा यायचा, उसातून खिडकीत, खिडकीतून माळ्यावर. वैरणीत अंग टाकून तास-दोन तास झोपायचा. दगडाबाई माळवदातल्या फटीतून भाकरी सरकवायची. पकडला गेला तर तो परत दिसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या गावातल्या दोघांचं काय झालं ते तिनं ऐकलं होतं.

आणि अशात बोर्डानं नवा मास्तर धाडला.

सिद्धू मास्तर सडसडीत, काळासावळा, खांद्यावर घोंगडी. मागं बायको, डोक्यावर ट्रंक घेऊन. दगडाबाई पडवीच्या पायरीवरच उभी राहिली.

"कुठलं म्हनायचं मास्तर?"

"जतेकडचा, मावशी. मेंढरंवाल्यातला."

"जत म्हंजी संस्थान. तितल्या शाळा बुडाल्या व्हय?"

"पाणी नाही तिकडं."

"मग पानी प्यायला आलासा का पोरं शिकवायला?"

"दोन्हीला," म्हणून तो हसला.

दगडाबाईनं ते हसू पदराला गाठ मारून ठेवलं. जो माणूस टोमण्याला हसतो तो पोटात काहीतरी ठेवून असतो, असा तिचा हिशेब.

मास्तर बायकोसह पडवीतच राहू लागला. बायको सुलाबाई थेट कानडी मुलखातली. मराठीचा एक शब्द येत नव्हता. नवरा-बायको आपसात त्या भाषेत बोलत आणि दगडाबाईचा जीव कासावीस होई. बोलतात काय? कुणाबद्दल? मध्येच 'आकाराम' असं ऐकू आल्यासारखं वाटे. सुलाबाईला ती हातवारे करून गावच्या रीती सांगे. "ह्या अंगानं घागर बुडवायची, त्या अंगानं न्हाई. कळ्ळं?" सुलाबाई चपापून बघे, मान खाली घाली आणि निघून जाई. "उसाकडं जायाचं न्हाई, साप हाय. कळ्ळं का?" पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी सुद्धा. दगडाबाईनं त्याचाही अर्थ लावला: भाषा कळत नाही म्हणतात, मग मान खाली का घालते? पाप असल्याशिवाय मान खाली जात नाही.

मास्तरचं तर रोज नवं निघे. सकाळी हजेरी घेताना तो पोरांना विचारी, "काल का नाही आलास? घरी पाहुणं कोण आलंतं?" पोरं पाहुण्यांच्या नावाखाली दांड्या मारत, म्हणून त्याचा हा प्रश्न. पण ज्या गावात निम्म्या घरी रात्री-अपरात्री रानातले पाहुणे जेवून जात, तिथं हे विचारायचं नसतं. केरबा न्हाव्यानं वस्तरा थांबवून गिऱ्हाइकाला ते सांगितलं, गिऱ्हाइकानं घरी सांगितलं. आठवड्याभरात शाळेतली पोरं विरळ झाली. दोघातिघांच्या आयांनी दगडाबाईलाच विचारलं, "आवं, ह्यो मास्तर सरकारचा मानूस हाय व्हय?"

"मला काय ठावं," ती म्हणाली, अशा सुरात की ऐकणारीला सगळं कळावं.

मग एक दिवस त्यानं किल्ली मागितली.

"माळ्यावर काय ठेवलंय, मावशी?"

"वैरन."

"वर काहीतरी वाजतं. उंदीर असावेत. लय मोठे वाटतात."

"आमच्याकडचं उंदीर खाऊन-पिऊन असत्यात."

"माळवद गळतंय कुठून तेही बघतो. पावसाच्या आत माती टाकू."

"माती मी टाकीन. किल्ली हारवलीया."

किल्ली तिच्या कमरेला लोंबत होती. मास्तरनं ती पाहिली. पुन्हा तसाच हसला.

त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, ती घटना घडली. शाळेला अर्धी सुट्टी. गाव सगळं बाजाराला गेलेलं. रस्त्यावर कुत्रं नाही. दगडाबाई माळवदावर हळद उलथत होती. उसाचे शेंडे वाऱ्याविरुद्ध हलले आणि तिनं ओळखलं, लेक आला. खिडकीत आधी डोकं, मग पाठ, मग पाय. पाय अजून बाहेरच होते तेवढ्यात विहिरीकडून सुलाबाई घागर घेऊन आली. घागर तिच्या हातून पडली आणि ती पडवीकडं ओरडत सुटली:

"कळ्ळ बंद! कळ्ळ बंद!"

मास्तर पडवीतून धावत बाहेर आला आणि त्यानं शाळेच्या दाराला बाहेरून कडी घातली.

दगडाबाईच्या हातातलं खुरपं हळदीत पडलं. आता ह्यात न समजण्यासारखं काय राहिलं होतं? बाई म्हणाली 'कळ्ळं', नवऱ्याला म्हणाली 'बंद', नवऱ्यानं दार बंद केलं. म्हणजे मराठी येत नाही हे सोंग. दोघांनी पाळत ठेवली होती, खूण ठरवली होती. ती जिन्यावरून धडपडत खाली आली. आकारामनं आरडाओरडा ऐकून केव्हाच पुन्हा उसात उडी घेतली होती. मागची खिडकी नुसती हालत होती. तोवर मास्तर तिच्या दारात हजर.

"मावशी, किल्ली द्या. माळ्यावर चोर शिरलाय."

फौजदारही आकारामला चोरच म्हणायचा. हाच शब्द.

"सांगितलं न्हवं, हारवलीया."

"मग मी दारात बसतो. पाटील बाजारातनं आले की त्यांना सांगतो."

"बसा," ती म्हणाली. "बसा की. कोन उठवतंय."

ती मागच्या वाटेनं चिंचेखाली गेली. तिथं जोतीराम एका बैलाला आडवा पाडून खुराला लोखंडाची पत्री, म्हणजे नाल, ठोकत होता. जोतीराम गावोगाव हेच काम करत फिरायचा, आणि रानातल्या पोरांचे निरोप त्याच्याच झोळीतून जायचे. खबऱ्या सापडला की पोरं त्याच्या तळपायांवर काठ्या चालवत. लोक त्यालाही 'पत्री ठोकली' असंच म्हणत, आणि तो माणूस पुढं कित्येक महिने पाय टेकत नसे.

तिनं जे ऐकलं, जे बघितलं ते सांगितलं. जोतीरामानं तोंडातले खिळे काढून हातात घेतले.

"काकी, नाव एकदा माझ्या कानात पडलं की पडलं. पक्कं हाय न्हवं?"

"ह्या कानांनी ऐकलंय. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"मास्तर मानूस हाय. पोरांचा मास्तर."

"आनि माझा ल्योक कोन हाय?"

जोतीरामानं खिळे पुन्हा तोंडात धरले. बोलणं संपलं.

संध्याकाळी पाटील आला तेव्हा हरवलेली किल्ली सापडली. त्यानं माळा वरवर पाहिला, वैरण हलवली, मांजर असेल म्हणून घरी गेला. त्याची सहानुभूती कुणाकडं होती हे गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दगडाबाई विहिरीवर गेली तेव्हा सुलाबाई आधीच तिथं होती. चेहरा सुजलेला. मास्तरला पहाटे दोन माणसांनी हाक मारून नेलं होतं. तिला वाटलं होतं, चोराबद्दल विचारायला नेलं असेल. अजून आला नव्हता. ती दगडाबाईकडं बघून रस्त्याकडं हात दाखवत काहीतरी भराभर विचारू लागली. दगडाबाईला तिच्या डोळ्यांकडं बघवेना. तुटक आवाजात म्हणाली, "येतील. घरी जा. कळ्ळं?"

सुलाबाई जागच्या जागी थिजली. मग तिचा बांधच फुटला. छातीवर हात आपटून ती म्हणाली, "ना कळ्ळी अल्ला! ना कळ्ळी अल्ला, अव्वा!" समोरच्या बाईला काही समजत नाही हे पाहून तिनं जे केलं, तसा मूकाभिनय भल्याभल्या नटांना साधत नाही. तिनं दगडाबाईची तांब्याची कळशी उचलली, इकडं-तिकडं चोरट्या नजरेनं पाहिलं, कळशी पदराखाली दडवली आणि वाकून चार पावलं पळाली. थांबून स्वतःकडं बोट दाखवलं आणि मान जोरजोरात हलवली. नाही. मी तसली नाही. कळशी तिनं जपून काठावर परत ठेवली.

दगडाबाईनं ती कळशी उचलली.

"कळ्ळ," ती हळूच म्हणाली, आणि कळशी पदराखाली लपवल्यासारखं केलं. "कळ्ळ म्हंजी... चोर?"

'चोर' हा शब्द सुलाबाईनं कालपासून नवऱ्याच्या तोंडून दहादा ऐकला होता. तिनं मान डोलावली. इतके दिवस ही म्हातारी आपल्याला उठताबसता चोर म्हणते, असंच ती समजून चालली होती.

"आनि बंद?" दगडाबाईनं दार लावल्याची खूण केली.

सुलाबाईला ती खूण उमगेना. तेवढ्यात शाळेतला एक पोरगा पाणी प्यायला विहिरीकडं आला. तिनं त्याच्याकडं बोट केलं. "हुडुग बंद," ती म्हणाली, आणि हातानं, लांबून जवळ, येण्याची खूण केली.

पोरगा आला. चोर आला.

दगडाबाई कळशी तिथंच टाकून पळाली. पन्नाशीच्या बाईनं पळू नये असं गाव म्हणतं. त्या दिवशी गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. रानातली पोरं खबऱ्याला कुठं नेतात हे तिला माहीत होतं: ओढ्याच्या पलीकडं, बंद पडलेल्या गुऱ्हाळात. ती पोचली तेव्हा गूळ शिजवायच्या काहिलीच्या चुलाणापाशी मास्तरला पालथं निजवलं होतं. एकानं पाय धरले होते. काठी एकदा पडून गेली होती. मास्तरचे दात घोंगडीत रुतलेले. जोतीराम दुसऱ्यांदा हात उचलत होता.

"थांब, जोतीराम. म्या सांगितलेलं खोटं हाय."

"काल खरं व्हतं."

"काल माझं कान खोटं व्हतं." धाप लागत, अडखळत तिनं सगळं सांगितलं, कळशीसुद्धा.

जोतीराम तसाच उभा. त्याचा संशय आता मास्तरवरून उडून तिच्यावर बसला. "काकी, त्याची बायकू रडली, म्हनून तुझं काळीज पाघळलं आसंल."

"त्यालाच इचार. मी बोलत न्हाई."

जोतीरामानं काठीच्या टोकानं मास्तरचा खांदा हलवला. "कळ्ळ म्हंजी काय रं?"

"चोर," मास्तर मातीत तोंड असतानाच म्हणाला.

"बंद?"

"आला."

जोतीरामानं काठी टेकवली. पाय धरणारा हसायला लागला आणि जोतीरामानं बघताच गप्प झाला.

"म्हंजी तुज्या बायकूनं आमच्या आकारामला चोर केला व्हय," जोतीराम म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या तोंडाचा रंग उतरला. दगडाबाईनंही ते त्याच क्षणी ऐकलं. मास्तर मघापर्यंत काहीच जाणत नव्हता. आता जाणतो. माळ्यावर कोण येतं, कुणाचा लेक आहे, निरोप कोण नेतो, सगळं त्यांनी आपल्याच तोंडानं त्याच्या पदरात घातलं होतं.

मास्तर उठून बसला. पायाला हात लावून पाहिला. "उंदीर मोठा आहे, हे मी मावशींना म्हणालो होतो," तो हळू म्हणाला.

जोतीरामानं काठी पुन्हा उचलली. "काल ह्यो निर्दोष व्हता, काकी. आज ह्येला मोकळं सोडायचं म्हंजी आपल्या गळ्यात आपनच दोर."

"सोड."

"आनि बोलला तर?"

दगडाबाईनं मास्तरकडं पाहिलं. आयुष्यभर जिनं कुणाचा शब्द खरा मानला नव्हता तिनं त्या माणसाच्या तोंडात काही वाचायचा प्रयत्न केला. काही वाचता आलं नाही. पायाला वळ, डोळ्यांत पाणी, आणि तेच काहीतरी हसल्यासारखं. हा खरंच काल काही जाणत नव्हता? की पहिल्या दिवसापासून जाणत होता आणि गप्प होता? तिला शेवटपर्यंत ते सांगता आलं नाही.

"बोलला तर ल्योक माझा जाईल," ती म्हणाली. "तुझं काय जातंय रं, जोतीराम? जाईल ते माझं, मी जामीन. सोड त्येला."

तिनं मास्तरला धरून उठवलं. तो लंगडत चालला तेव्हा त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. पडवीत पोचल्यावर तिनं घरातली हळद तेलात कालवली आणि सुलाबाईच्या हातात दिली. स्वतः लावली नाही.

पुढं महिनाभर ती झोपली नाही. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की उठून बसे. मास्तर टपालपेटीकडं गेला तरी मागं जाई. दिवसा मास्तर पोरांकडून पाढे म्हणवून घेई आणि वर माळ्यावर वैरण हलली की म्हणे, "मोठ्यानं! आणखी मोठ्यानं!" पोरांना वाटे, मास्तर कडक आहे. दगडाबाई माळवदावर बसून ऐके आणि तरीही तिची खात्री पटत नसे. उद्या काय करेल कोण जाणे. पण फौजदार पुन्हा त्या गोठ्याकडं वळला नाही. ज्या आयांनी पोरं काढली होती त्यांना तिनंच जाऊन सांगितलं, "धाडा. मी बघतुया न्हवं त्येच्याकडं." पोरं आली, पुढच्या वर्षी मुलीही आल्या. दगडाबाईच्या भाचीनं तिथंच पहिली केली.

शेहेचाळीसात वॉरंटं उठली आणि आकाराम दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं घरी आला. सुलाबाईनं त्याला पाहून पदर तोंडावर घेतला. तोवर ती दगडाबाईशी दोन्ही भाषांत भांडायला शिकली होती.

एकोणपन्नासात जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा झालं, आणि बोर्डानं गावाबाहेर दोन खोल्यांची, खिडक्यांना गज असलेली इमारत बांधली. गोठ्यातला फळा, पाट्या, घंटा पोरांनी वाजतगाजत तिकडं नेल्या. दगडाबाई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. वाजंत्री ऐकून विचारत राहिली, कुनाचं लगीन, मला का सांगितलं न्हाई.

त्या संध्याकाळी मास्तर तिच्या उशापाशी येऊन बसला. आकाराम पायाशी होता, सुलाबाई पेज भरवत होती.

"मावशी, शाळा हलली," मास्तर म्हणाला. "पडवी मोकळी करून द्यायला पाहिजे. आम्ही कुठंतरी खोली बघतो."

दगडाबाईनं डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, डोळा लागला. मग तिनं लेकाच्या दिशेनं हात चाचपला, तो तिथंच आहे याची खात्री करून घेतली आणि मिटल्या डोळ्यांनीच मास्तरला म्हणाली:

"कुटं जातासा आता, ऱ्हावा हितंच. पर माझा डोळा हाय तुमच्यावर."